कहाणीचा सातबारा

ज्या गृहस्थांनी माझ्या नावाचे पेज माझ्याच हातून काढून घेतले, ते आजही वाशीतील आपल्या वातानुकूलित कचेरीत बसून होतकरू मंडळींना ‘आपली गोष्ट सांगा, आपला ब्रँड घडवा’ असा उपदेश करीत असतात, आणि त्यांच्या वर्गांना गर्दीही बरी होते असे कानावर येते. तेव्हा मी मौन धरले तर त्याचा अर्थ माझ्याकडेच काही तरी दोष होता असा लावला जाईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

भूमी अभिलेख खात्यातील चाकरी संपल्यावर मी बेलापुरात जमिनीच्या कागदपत्रांविषयी सल्ला देऊ लागलो. साडेबारा टक्क्यांचे भूखंड, वारसनोंदी, निवाड्यात पडलेली चुकीची नावे, हे विषय या बाजूच्या माणसास फोड करून सांगण्याचे कारण नाही. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि पागोटे येथे भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात ज्या पाच जणांनी प्राण दिले, त्यांच्या मागून आलेला हा सारा दप्तराचा पसारा आहे, आणि त्यातल्या एकेका फायलीत एकेका घराचा इतिहास दडलेला आहे. त्या हकिकती मी फेसबुकवर लिहू लागलो तेव्हा ‘पर्सनल ब्रँड’ हा शब्द माझ्या गावीही नव्हता. खारजमिनीच्या बांधातली उघाडी भरतीच्या रेट्याने आपसूक मिटते आणि ओहोटीला शेतातले पाणी खाडीत सोडते, एवढे वर्णन करून मी त्या शेताच्या फेरफाराची कथा सांगे, आणि ज्यांनी फेरफार हा शब्द आयुष्यात मनावर घेतला नव्हता असे लोक जुने उतारे पिशवीत घालून माझ्या दाराशी येत. आपल्या कर्तबगारीच्या वर्णनाला भुलून कोणी येत नाही. आपल्यासारखीच अडचण दुसऱ्याच्या हकिकतीत दिसली म्हणजे मनुष्य पत्ता शोधीत येतो. हे मला कोणा सल्लागाराने शिकविलेले नाही.

सल्लागार आले ते पेज चांगले चालू लागल्यावर. ‘सर, तुमच्याकडे कंटेंट आहे, फक्त पॅकेजिंग नाही,’ हे त्यांचे पहिले वाक्य. मी करारनामा मागितला. जन्मभर दुसऱ्यांचे दस्तऐवज तपासलेला मनुष्य आणखी काय मागणार! त्यावर ‘आपलं विश्वासाचं नातं आहे, सर, मसुदा पाठवतो’ असे उत्तर मिळाले. मसुदा काही आला नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक तेवढे तत्परतेने आले. जाहिरातीची सोय व्हावी म्हणून माझे पेज त्यांनी आपल्या बिझनेस खात्यात घेतले, आणि मला लिहिण्यापुरता अधिकार ठेवला. प्रत्येक बैठकीत ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांचा दाखला निघे: रेडिओ सुटला आणि २०१५ पासून यूट्यूबवर रोजच्या घरगुती गोष्टी सांगून त्या कुठल्या कुठे पोहोचल्या! दाखला खोटा नव्हता, पण अपुरा होता. त्या बाईंनी आई, बाप, भाऊ ही सारी पात्रे स्वतःच वठविली, आणि पाहणाऱ्यास तो अभिनय आहे हे ठाऊक होते. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान रंगवतो तेव्हा श्रोत्याचाही असाच आगाऊ करार झालेला असतो. माझ्याकडे येणारा मनुष्य मात्र मी सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून ऐकत होता.

खाडीकाठच्या एका गावातील एका विधवा बाईंची हकीकत मी त्यांच्या परवानगीने, नाव-गाव झाकून लिहिली होती. निवाड्यात त्यांच्या दिवंगत पतीऐवजी दिराचेच नाव लागले होते, आणि वारसनोंद सिद्ध होईपर्यंत त्यांनी जे हेलपाटे घातले त्यांत एकाही कारकुनास मी खलपुरुष ठरविले नव्हते, कारण तसा कोणी नव्हताच. चूक एका नकलेतली होती, आणि त्या बाईंनी उघाडीपासून आपले शेत कितवे हे बिनचूक सांगितले म्हणून ती सापडली. एके दिवशी त्यांचा मुलगा नेरुळ स्थानकाबाहेर भेटला. नेहमी वाकून नमस्कार करणारा तो मुलगा त्या दिवशी नुसता उभा राहिला, खिशातून मोबाइल काढून त्याने तो माझ्यापुढे धरला आणि विचारले, ‘काका, आईनं दागिने कधी विकले हो?’

पडद्यावर सल्लागारांनी माझ्या पेजवर टाकलेली रील होती: तीत माझे छायाचित्र होते, मागे सनईचे रडवे सूर होते, आणि माझ्या तोंडी वाक्य होते: ‘माझ्या आईने मंगळसूत्र विकून साहेबांचे खिसे भरले.’ माझी आई! ती माउली रत्नागिरीबाहेर फारशी पडलीसुद्धा नाही. पण तपशील झाकताना उघाडी तशीच राहिली होती, दिराचे नाव लागल्याची चूकही कायम होती, त्यामुळे गावात कोणाची गोष्ट कोणी विकली हे सर्वांना कळून चुकले होते. त्या मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर उत्तर देणे सोपे गेले असते.

कचेरीत जाऊन मी जाब विचारला तेव्हा त्या गृहस्थांनी मोबाइलवरून नजर न उचलता ‘सर, रीच बघा ना! फॅक्ट्स कोण चेक करतो?’ असे उद्गार काढले, आणि त्याच श्वासात कर्जतकडील एका भूखंड योजनेविषयी ‘मी स्वतः इथे गुंतवणूक केली’ अशी कहाणी मी कॅमेऱ्यापुढे सांगावी, मोबदला चांगला आहे, असे सुचविले. मी महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मागितला, जो १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर बंधनकारक आहे. तो मिळाला नाही. माझा लिहिण्याचा अधिकार मात्र पुढच्याच आठवड्यात रद्द झाला, आणि पेज परत हवे असल्यास ‘सेटलमेंट’ करावी लागेल असा निरोप आला. खंडणीस हल्ली हा शब्द वापरतात.

आता ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी. पेज स्वतःच्या बिझनेस खात्यात ठेवा, पूर्ण नियंत्रण आपल्याकडे, आणि सल्लागारास केवळ आंशिक अधिकार; सातबाऱ्यावर आपले नाव नसता नुसती वहिवाट किती टिकते हे मी निराळे सांगायला नको. नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपलाच असावा. मजकुराबाबत कायदा तुम्हांस अनुकूल आहे: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच होते, लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि आपल्या लेखनाचा विपर्यास रोखण्याचा अधिकार कलम ५७ लेखकास देते. माझ्याकडे मूळ लेख तारखेसह जपलेले होते, म्हणून तक्रार करून ती रील तरी उतरविता आली. पैसे घेऊन गोष्ट सांगणार असाल तर ‘जाहिरात’ हा शब्द आरंभीच, ठळक दिसेल असा लिहा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत खातरजमा न करता समर्थन देणाऱ्यास दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो भरताना सल्लागार तुमच्या शेजारी उभे राहणार नाहीत. बाकी सातत्य ठेवा, शुद्ध लिहा, भांडू नका, वगैरे सर्वजण सांगतातच.

ज्याची गोष्ट असेल त्याला मात्र छापण्यापूर्वी वाचून दाखवा, आणि कोणी त्यात बदल केला तर पुन्हा वाचून दाखवा. त्या बाईंच्या घरी मी मूळ लेख घेऊन गेलो होतो. त्यांनी तो मुलाकडून ऐकला, चहा दिला, आणि यापुढे आपल्याविषयी काही लिहू नये असे सांगितले. ते मी पाळले आहे.

पेजचे नाव सल्लागारांनी बदलले, माझे वाचक तिथेच राहिले, आणि आता त्यांना तिथे कर्जतचे भूखंड दाखविले जातात. त्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर एवढीच विनंती: बयाणा देण्यापूर्वी महारेराचा क्रमांक मागून घ्या, तो संकेतस्थळावर ताडून पाहा, आणि तिथे माझी शिफारस म्हणून काही दिसल्यास ती माझी नाही असे समजा.