बंदिवासातील सापांची वीण

भीमाकाठच्या कोरेगाव भीमा परिसरात, तसेच शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात उसाचे फड, उंदरांची बिळे आणि साप यांचे सान्निध्य जुनेच आहे. उन्हाळ्यात बांध खोदताना अथवा घराचा पाया घेताना पांढरी, चिवट कवचाची अंडी हाती लागतात. ती बरणीत घालून शाळेत ठेवावीत व पिले निघतात का ते पाहावे, असा मोह होतो. कुतूहल स्वाभाविक आहे; परंतु त्यामागील धोका बहुधा लक्षात येत नाही.

सापांची वीण ऋतूशी घट्ट बांधलेली असते. नागांचे मीलन हिवाळा सरताना होते, उन्हाळ्यात मादी उंदराच्या बिळात किंवा वारुळात साधारणतः बारा ते तीस अंडी घालते आणि सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, पिले बाहेर येतात. त्या वेळी लहान बेडकांची चंगळ असते. घोणस मात्र अंडी घालत नाही. ती थेट पिलांनाच जन्म देते, आणि एका वेळी वीस-चाळीस पिले होणे नवलाचे नाही. पकडून डब्यात ठेवलेली घोणस गाभण असेल, तर सकाळी डब्यात एकाऐवजी चाळीस विषारी जीव असू शकतात. पिलू जन्मतःच विषारी असते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

डब्यात एकच मादी आहे, म्हणून वीण होणार नाही, हा समजही चुकीचा होय. अनेक जातींच्या माद्या नराचे बीज कित्येक महिने शरीरात साठवून ठेवतात.

सापाची अंडी कोंबडीच्या अंड्यांप्रमाणे फिरवावयाची नसतात. घातल्यानंतर थोड्याच काळात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस स्थिरावतो. अंडे उलटे झाल्यास तो गुदमरून मरतो. कवच हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून कोरड्या बरणीत अंडी सुकून चेपतात, तर फार ओलीत बुरशी धरते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंच्या थरथरीने त्यांना ऊब देते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात १८४१ मध्येच याची तापमापकाने नोंद झाली होती. ही सारी व्यवस्था खोलीच्या कोपऱ्यात साधणे कठीण. प्राणिसंग्रहालयात नरमादीस काही आठवडे थंडावा देऊन मग एकत्र आणतात व अंडी उबवणयंत्रात ठेवतात. पुण्यात कात्रज येथे १९८६ साली सर्पोद्यान सुरू झाले, ते अशा अभ्यासाचे योग्य स्थान होय. तामिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेली इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्थासुद्धा प्रतिविषासाठी लागणारे विष पकडलेल्या सापांपासून काढते आणि साप पुन्हा निसर्गात सोडते. ती साप पैदास करीत नाही.

शहरांतून अलीकडे आफ्रिकेतील बॉल पायथन पाळण्याची हौस दिसते. हा साप बिनविषारी व शांत असतो, आणि मादी चार ते सहाच अंडी देते. परंतु रंगाच्या हव्यासापोटी केलेल्या पैदाशीत दोषही पिढीजात होतात: ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकारात सापाचा तोल जातो व डोके हलत राहते. अशा विदेशी सापांबाबत २०२२ च्या दुरुस्तीनंतर व २०२४ च्या नियमांनुसार ताबा, हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांची नोंद परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. नाग, घोणस, धामण, अजगर हे देशी साप मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून, हौसेखातर ते पाळण्यास वा पैदाशीस मुभा नाही.

बांधावर अंडी आढळल्यास काम थांबवावे, अंडी हलवू नयेत, मुलांना दूर ठेवावे; नागाची मादी जवळपास असू शकते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास गंडा-दोऱ्यात वेळ न दवडता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर हे दोन्ही क्रमांक पावसाळ्यापूर्वी, म्हणजे अंडी फुटण्याच्या हंगामाआधी, लिहून ठेवावेत.