न बिघडणारे यंत्र आणि विक्रेत्याचा नफा

यंत्र जर बिघडतच नसेल, तर ते विकणाऱ्याला त्यापुढे पैसे कशाचे मिळणार? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. मलाही तो पडला. उत्तरासाठी मी आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घेतले, कारण बँका व विमा कंपन्यांचे हिशेब वर्षानुवर्षे बिनतक्रार करणारे तिचे मोठे संगणक प्रसिद्धच आहेत.

प्रारंभी ही कंपनी यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. १९५६ साली न्यायालयीन तडजोडीनुसार तिला विक्रीही करणे भाग पडले. तरी पुढेही पुष्कळ ग्राहक भाडेच देत राहिले. दुरुस्ती त्या भाड्यातच येई. म्हणजे यंत्र जितके भक्कम, तितका विक्रेत्याचा खर्च कमी. टिकाऊपणा हा नफ्याचा वैरी असतो, ही समजूत येथेच ढासळते.

खरी मेख मात्र पुढे आहे. १९६४ साली सिस्टीम/३६० ही मालिका आली. तिच्यातील लहान यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरही चालावेत, अशी योजना होती, आणि पुढच्या पिढ्यांनीही ती परंपरा राखली. बँकेने व्याज, खाती, पगार यांचे प्रोग्रॅम कोबोल भाषेत लिहून घेतले. ते चालत राहिले म्हणून कोणी त्यांना हात लावला नाही. लिहिणारे निवृत्त झाले. आता यंत्र बदलायचे तर बँकेचा सारा कारभारच नव्याने लिहून काढावा लागतो!

जून १९६९ मध्ये कंपनीने प्रोग्रॅम, प्रशिक्षण व तंत्रज्ञांचा सल्ला यांची वेगळी आकारणी जाहीर केली. पूर्वीच्या एका बिलाची अनेक बिले झाली. १९९३ साली तिला आठ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, तेव्हा नवे प्रमुख लुई गर्स्टनर यांनी सेवांवरच भर दिला. २००१ पर्यंत सेवांचे उत्पन्न यंत्रांच्या उत्पन्नापुढे गेले. अर्थात सेवा म्हणजे माणसे, आणि माणसे म्हणजे पगार. देखभाल-व्यवस्थापनाचा मोठा भाग कंपनीने २०२१ मध्ये किंड्रिल या नावाने वेगळाही काढला.

ग्राहक फसवला जातो, असे मी म्हणणार नाही. यंत्र तासभर बंद राहिले तर बँकेचे जे नुकसान होईल, त्यापुढे सेवेचा करार स्वस्तच वाटतो. परंतु या सेवेची किंमत विक्रेत्याच्या खर्चावरून ठरते, की ग्राहकाला सोडून जाण्यास येणाऱ्या खर्चावरून? माझ्या मते, बव्हंशी दुसऱ्यावरून.

आपल्याकडे याची उलट बाजूही दिसली. परकीय भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने आय.बी.एम.ने १९७८ साली भारत सोडला. तिची यंत्रे येथे होती, ग्राहक येथे होते. देखभालीचे काम सी.एम.सी. या सरकारी कंपनीकडे आले, आणि ती यंत्रे आपल्याच तंत्रज्ञांनी चालू ठेवली.