सर्व्हरचे नूतनीकरण आणि खेळाडूंच्या अपेक्षा

१. प्रास्ताविक

अनेक माणसे दूरदूरच्या ठिकाणी बसून एकाच वेळी एकच खेळ खेळतात, तेव्हा त्या खेळाची सर्व नोंद एका मध्यवर्ती संगणकात ठेविलेली असते. ह्या संगणकास सर्व्हर म्हणतात. कोण कोठे उभा आहे, कोणापाशी काय आहे, कोणती भिंत कोणी बांधली, ह्या सर्वांचा हिशेब तोच ठेवितो. खेळाडूच्या पुढ्यातील संगणक त्या हिशेबाचे केवळ चित्र दाखवितो.

सर्व्हर ज्या सूचनांनुसार चालतो, त्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. ही आज्ञावली अधूनमधून बदलावी लागते. तांत्रिक दृष्ट्या हे काम बहुधा काही तासांचे असते. परंतु खेळाडूंनी अनेक महिने खपून उभारलेल्या वस्तूंचे भवितव्य त्या काही तासांत ठरत असते. खेळाडूंना आधी काय सांगावे, किती सांगावे आणि कोणते वचन देऊ नये, हा त्यामुळे कामाचाच एक भाग ठरतो. प्रस्तुत लेखात ह्या भागाचा विचार मुख्यतः 'माइनक्राफ्ट' ह्या खेळाच्या आधारे केला आहे. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील मोजांग ह्या संस्थेने हा खेळ २०११ च्या नोव्हेंबर महिन्यात पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला, आणि २०१४ मध्ये ती संस्था मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. ह्या खेळाचा सर्व्हर सामान्य माणसालाही आपल्या घरी किंवा शाळेत चालविता येतो. साहजिकच नूतनीकरणाची जबाबदारीही पुष्कळदा सामान्य माणसांवरच येते.

२. खेळाचे जग कसे साठविले जाते

माइनक्राफ्टचे जग घनाकृती ठोकळ्यांचे बनलेले असते. त्याचे सोळा ठोकळे लांब व सोळा ठोकळे रुंद असे उभे तुकडे पाडलेले असतात. ह्या तुकड्यास 'चंक' म्हणतात. जगाच्या आरंभी सर्व्हरला एक बीजांक दिला जातो. खेळाडू एखाद्या नव्या प्रदेशाकडे चालू लागला म्हणजे ह्या बीजांकावरून गणित करून सर्व्हर तेथील डोंगर, नद्या व गुहा तयार करितो. एकदा तयार झालेला चंक मात्र साठवून ठेविला जातो. तो पुन्हा नव्याने रचला जात नाही.

ह्या व्यवस्थेतून एक महत्त्वाचा परिणाम निघतो. भूरचनेचे गणित नव्या आवृत्तीत बदलले, तर ज्या भागात कोणी गेलेलेच नाही तो भाग नव्या नियमांनी तयार होतो, आणि पूर्वी पाहिलेला भाग जुन्याच रूपात राहतो. पूर्वीच्या कित्येक आवृत्त्यांत ह्या दोहोंच्या सीमेवर उभे कडे निर्माण होत, जणू कोणी सुरीने डोंगर कापला असावा. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या १.१८ ह्या आवृत्तीत जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ ठोकळे करण्यात आली. त्या वेळी जुन्या व नव्या भूमीचा सांधा क्रमाक्रमाने जुळविण्याची सोयही करण्यात आली. तथापि "अपडेटनंतर आमच्या घरामागे नवे पर्वत येतील" अशी आशा बाळगणाऱ्या मुलाची निराशाच होईल. घरामागची जमीन आधीच पाहिलेली असल्यामुळे नवे पर्वत पाहावयास त्याला दूर जावे लागेल. हे त्याला आधी सांगितले, तर तो उत्साहाने प्रवासास निघतो. न सांगितल्यास अपडेट बिघडले असा त्याचा समज होतो.

३. बदल का टाळता येत नाही

"चालले आहे ते चालू द्यावे, बदल कशाला?" असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर डिसेंबर २०२१ मधील घटनेत आहे. सर्व्हरवरील घडामोडींची नोंद करणाऱ्या लॉगफोरजे नामक सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत एक गंभीर दोष उघडकीस आला. विशिष्ट अक्षरांचा एक संदेश खेळातील संभाषणात टंकित केला, तरी बाहेरच्या माणसाला त्या सर्व्हरवर आपली आज्ञावली चालविणे शक्य होत असे. माइनक्राफ्टच्या १.७ पासून १.१८ पर्यंतच्या आवृत्त्यांस ह्याचा धोका होता. १० डिसेंबर २०२१ रोजी १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि जुन्या आवृत्त्यांसाठी स्वतंत्र उपाय सांगण्यात आले. अशा वेळी आठवडाभर आधी सूचना देण्यास अवकाश नसतो. सर्व्हर प्रथम थांबवावा व कारण लगेच सांगावे, हाच क्रम योग्य होय.

एरवीच्या बदलांसाठी मात्र वेळ असतो, आणि तो वेळ खेळाडूंस विश्वासात घेण्याकरिता वापरता येतो.

४. खेळाडू कोणत्या अपेक्षा बाळगतो

खेळाडूच्या अपेक्षा साधारणतः चार प्रकारच्या असतात.

पहिली अपेक्षा अशी की, आपण बांधलेले जसेच्या तसे राहावे. घरे, रस्ते व भिंती बहुधा राहतात. यंत्रांची गोष्ट निराळी. ह्या खेळात 'रेडस्टोन' नावाच्या द्रव्याने दरवाजे, पाळणे व शेतीची स्वयंचलित यंत्रे बनविता येतात. त्यांपैकी काही यंत्रे आवृत्तीतील एखाद्या बारीकशा वर्तनावर अवलंबून असतात. ते वर्तन बदलले की यंत्र बंद पडते.

दुसरी अपेक्षा अशी की, आपण कमावलेले कौशल्य उपयोगी पडत राहावे. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी आलेल्या १.९ आवृत्तीत लढाईचा नियम बदलला. पूर्वी जो जितक्या वेगाने वार करी तितका त्याचा लाभ होई. नव्या नियमात दोन वारांमध्ये थोडा काळ थांबल्याखेरीज पूर्ण जोर येईनासा झाला. जुन्या पद्धतीत प्रवीण झालेल्या पुष्कळ खेळाडूंना हे रुचले नाही, आणि लढाईचे खेळ चालविणारे अनेक सर्व्हर पुढे दीर्घकाळ १.८ वरच राहिले.

तिसरी अपेक्षा अशी की, नवे सर्व काही पहिल्याच दिवशी मिळावे. पुष्कळ सर्व्हरांवर 'प्लगिन' नावाच्या पूरक आज्ञावली चालत असतात. घरांना कुलूप लावणे, हद्दी राखणे इत्यादी कामे त्या करितात. त्या निराळ्या लोकांनी लिहिलेल्या असतात आणि प्रत्येकीची नवी आवृत्ती आपापल्या वेळी येते. ह्यामुळे खेळाची नवी आवृत्ती आली तरी सर्व्हर तत्काळ बदलता येईलच असे नाही.

चौथी अपेक्षा वेगाची. सर्व्हर एका सेकंदात वीस वेळा जगाचा हिशेब पुढे नेतो. ह्या प्रत्येक पावलास 'टिक' म्हणतात, व त्यासाठी सेकंदाचा विसावा भाग, म्हणजे ५० मिलिसेकंद, एवढाच अवधी असतो. काम त्याहून अधिक झाले म्हणजे सर्वांचाच खेळ मंदावतो. नूतनीकरणानंतरच्या पहिल्या दिवसांत नेमके असेच घडते. सर्वजण नवी भूमी पाहावयास एकदम निघतात, सर्व्हरला असंख्य नवे चंक तयार करावे लागतात, आणि जुने चंकही प्रथम उघडले जाताना नव्या स्वरूपात बदलावे लागतात. हा मंदपणा पुढे ओसरतो. त्याची कल्पना आधी दिलेली असेल, तर खेळाडू तो समजून घेतात.

५. विधानांचे तीन वर्ग

ह्या अपेक्षांना उत्तर देताना चालकाने आपल्या विधानांचे तीन वर्ग करावेत. जे निश्चित आहे ते निश्चित म्हणून सांगावे. जे संभवनीय आहे ते तसे सांगावे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे स्पष्ट लिहावे. तिसरा वर्ग लपविण्याचा मोह फार होतो, आणि पुढील गैरसमजांचे मूळ बहुतेक तेथेच सापडते.

समजा, एखाद्या शाळेच्या संगणक-मंडळाचा सर्व्हर १.१२ ह्या जुन्या आवृत्तीवर चालत आला आहे आणि तो १.१८.२ वर न्यावयाचा आहे. सूचना पुढीलप्रमाणे असू शकेल:

"येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता सर्व्हर बंद होईल. त्या क्षणी संपूर्ण जगाची प्रत काढून ठेविली जाईल. त्यानंतर तुमच्या संगणकावर १.१८.२ ही आवृत्ती असल्याखेरीज प्रवेश मिळणार नाही. घरे, पेट्या व त्यांतील सामान राहील, अशी तपासणीअंती आमची खात्री आहे. गावकऱ्यांशी होणाऱ्या व्यापाराचे नियम बदलतील. रेडस्टोनची काही यंत्रे बंद पडण्याचा संभव आहे. कोणती, ते आम्हांस आज सांगता येत नाही. ज्यांना आपले यंत्र आधी तपासावयाचे असेल, त्यांच्यासाठी बुधवारपासून जगाची एक चाचणी-प्रत खुली राहील. तीत केलेले काम शनिवारनंतर ठेविले जाणार नाही. रात्री ८ पर्यंत काम समाधानकारक झाले नाही, तर जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करू व नवी तारीख कळवू."

ह्या सूचनेतील "आमची खात्री आहे" हे शब्द लिहिण्यापूर्वी चालकाने एक काम केलेले असले पाहिजे. जगाची प्रत वेगळ्या संगणकावर नेऊन तीवर नवी आवृत्ती प्रत्यक्ष चालविली पाहिजे. जुलै २०१८ मधील १.१३ आवृत्तीत ठोकळ्यांचे जुने अंक रद्द होऊन त्यांऐवजी नावे आली, त्यामुळे १.१२ मधील प्रत्येक चंकाचे रूपांतर करावे लागते. तसेच १.१८ साठी जावा ह्या संगणकीय प्रणालीची १७ वी आवृत्ती लागते. ह्या बाबी चाचणीतच लक्षात आल्या पाहिजेत. चाचणीवाचून दिलेला दिलासा हा केवळ अंदाज असतो.

६. परतीचा मार्ग व त्याची मर्यादा

नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेले जग जुन्या आवृत्तीत परत नेण्याची सोय नसते. मागे जाण्याचा एकच मार्ग म्हणजे आधी काढलेली प्रत. परंतु सर्व्हर पुन्हा खुला झाल्यावर खेळाडू नवे काम करू लागतात, आणि त्यानंतर जुनी प्रत लावली तर ते नवे काम नाहीसे होते. दर तासागणिक परतण्याची किंमत वाढत जाते. म्हणून परतण्याचा निर्णय दरवाजे उघडण्यापूर्वी व्हावा, आणि त्याची वेळ आधीच जाहीर असावी. वरील सूचनेतील "रात्री ८ पर्यंत" ह्या शब्दांचे महत्त्व हे आहे. "लवकरच सुरू होईल" ह्या वाक्याने कोणाचेच समाधान होत नाही.

वेळ निश्चित ठेविल्याने काय साधते, ह्याचे उदाहरण 'ईव्ह ऑनलाइन' ह्या आइसलँडमधील खेळात दिसते. २००३ पासून चालू असलेल्या ह्या खेळाचा मुख्य सर्व्हर दररोज जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळी ११ वाजता, म्हणजे भारतात सायंकाळी साडेचार वाजता, देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो. खेळाडूंनी आपल्या मोहिमांचे वेळापत्रकच ह्या विरामाभोवती बसविले आहे. नित्याचा विराम कोणास अपमानास्पद वाटत नाही. अवचित आलेला विराम मात्र वाटतो.

७. मोठ्या खेळांतील दोन प्रसंग

जपानमधील स्क्वेअर एनिक्स ह्या संस्थेचा 'फायनल फँटसी १४' हा खेळ सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झाला आणि लोकांना तो मुळीच पसंत पडला नाही. संस्थेने संपूर्ण खेळ नव्याने रचण्याचे ठरविले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तसे जाहीर केले. जुना खेळ ११ नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. नवा २७ ऑगस्ट २०१३ रोजी सुरू झाला. मधल्या वर्षभरात जुन्या जगाच्या आकाशातील एक चंद्र हळूहळू मोठा दिसू लागला होता. शेवट जवळ येत आहे, हे खेळाडूला खेळातच दिसत होते. खेळाडूंची पात्रे मात्र नव्या खेळात येऊ शकतील, असे आश्वासन होते आणि ते पाळले गेले.

ह्याच खेळाचा नवा भाग डिसेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हा इतकी गर्दी झाली की प्रवेशासाठी तासन्‌तास रांगेत थांबावे लागे. निर्माते नाओकी योशिदा ह्यांनी कारण उघडपणे सांगितले: जगभर अर्धवाहकांचा तुटवडा असल्यामुळे नवे सर्व्हर मिळत नव्हते. संस्थेने वर्गणीदारांना प्रथम सात व नंतर आणखी चौदा दिवस विनामूल्य दिले, आणि खेळाची नवी विक्री काही काळ थांबविली. आत असलेल्यांना दिलेला शब्द पाळता येत नसताना नव्यांना आत घेणे योग्य नव्हे, हा ह्या निर्णयाचा अर्थ.

८. उपसंहार

आज्ञावली बिघडली तर प्रत लावून ती पूर्ववत करिता येते. दिलेला शब्द मोडला, तर त्याची अशी कोणतीही प्रत काढून ठेविलेली नसते. ज्या मुलाचे वर्षभराचे बांधकाम पूर्वसूचनेवाचून गेले, ते पुन्हा बांधावयास बसेलच असे नाही. ह्यास्तव थोडे सांगावे, पण तपासून सांगावे; जे जाणार असेल ते आधी सांगावे; आणि ठरलेल्या वेळी, काम पुरे झालेले नसले तरीही, खेळाडूंपुढे येऊन स्थिती कळवावी. ग्रंथालयाची सूची बदलताना किंवा शाळेचे वेळापत्रक नव्याने आखताना हेच नियम उपयोगी पडतील.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) नूतनीकरणानंतर जुन्या घराभोवती नवे पर्वत का दिसत नाहीत?

(२) सर्व्हर खुला केल्यानंतर दोन दिवसांनी जुनी प्रत लावल्यास कोणाचे कोणते नुकसान होईल?

(३) पाचव्या भागातील सूचनेतील प्रत्येक वाक्य निश्चित, संभवनीय किंवा अज्ञात ह्यांपैकी कोणत्या वर्गात पडते ते ठरवा.

(४) आपल्या शाळेतील एखादी व्यवस्था बदलावयाची आहे असे समजून अशीच एक सूचना लिहा.