सात बहिणींचे अरण्य

गोंदिया जिल्ह्यातील सौंदड हे आमचे गाव. धानाची कापणी आटोपली आणि गुरुजी आम्हांस नवेगावचे राष्ट्रीय उद्यान दाखवावयास घेऊन निघाले. कोहमाऱ्यापासून आमची गाडी दक्षिणेस वळली. शेते मागे पडली व रान दाट होऊ लागले.

प्रथम आम्ही नवेगावबांधचा तलाव पाहिला. सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेले ते पाणी सकाळच्या उन्हात चमकत होते. दूरदेशांहून हिवाळ्यापुरती आलेली बदके त्यावर तरंगत होती. गुरुजी म्हणाले, "मुलांनो, हा तलाव निसर्गाने नव्हे, माणसांनी घडविला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधील वाटा बांध घालून अडविल्या आणि पावसाचे पाणी साठविले. लोक आजही त्यांना कोलासूर देव म्हणून पूजतात. भोवतालच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी कोलूस साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे."

"टेकड्या कशा साहाय्य करतील?" एकाने विचारले.

गुरुजी हसले. "त्या अजूनही करीत आहेत. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. पाचोळा पावसाचे पाणी शोषून घेतो व ते हळूहळू झिरपू देतो. उद्या या टेकड्या उघड्या पडल्या, तर माती वाहून तलावात येईल, तलाव उथळ होईल आणि खालच्या धानाला पाणी पुरणार नाही. बांध माणसांनी घातला. पण तो राखते ते हे अरण्य."

नंतर आम्ही उद्यानात शिरलो. १९७५ मध्ये या वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. साग, ऐन, धावडा, तेंदू आणि बांबूची बेटे यांतून वाट जात होती. गाडीतून उतरण्यास मनाई होती. चितळांचा कळप क्षणभर थबकला व दिसेनासा झाला. पुढे एक गवा शांतपणे चरत होता. वाघ काही दिसला नाही. परंतु ओल्या मातीत उमटलेले त्याचे पाऊल वनरक्षकांनी आम्हांस दाखविले.

आमच्या वर्गातील एक मैत्रीण मात्र गप्प होती. तिचे घर सौंदडजवळच्या श्रीरामपूर वस्तीत आहे. कवलेवाडा, कालीमाती आणि झनकारगोंदी ही तीन गावे पूर्वी या अरण्यात होती. वन्य प्राण्यांना निर्वेध रान मिळावे म्हणून ती तेथून हलविण्यात आली आणि श्रीरामपूर वसले. तिने वनरक्षकांना हळूच विचारले, "काका, झनकारगोंदीतला आमच्या अंगणातला मोह अजून आहे का? आजीने विचारून यायला सांगितले आहे."

वनरक्षक क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आहे, बाळ. अंगणात आता गवत वाढले आहे आणि तेथे चितळे चरतात. पण मोह उभा आहे. चैत्रात फुले गळू लागली की रात्री अस्वल त्याखाली येते. आजींना सांग, त्यांचा मोह अजून फुलतो."

गाडीत कोणी बोलले नाही. परतताना गुरुजी एवढेच म्हणाले, "कोलूने घाम गाळला, या लोकांनी आपले अंगण सोडले. अरण्य आपोआप राखले जात नाही, मुलांनो. त्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते. ती विसरू नका."

संध्याकाळी सौंदड आले. आमची मैत्रीण सर्वांच्या आधी उतरली आणि घराकडे धावत सुटली. तिला आजीला निरोप सांगावयाचा होता.

शब्दार्थ : निर्वेध – अडथळ्यावाचून, पाचोळा – गळून पडलेली वाळकी पाने, उथळ – कमी खोल.

स्वाध्याय
१. 'बांध माणसांनी घातला. पण तो राखते ते हे अरण्य', असे गुरुजी का म्हणाले?
२. आजीला निरोप ऐकून काय वाटले असेल, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. आपल्या गावातील तलाव कोणी बांधला, याची वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा.