दाबण्याआधी विचारा

पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसा लागतो, आणि नेमका तेव्हाच फोनवर मेसेज येतो: ‘तुमचा पीएम किसानचा हप्ता थांबला आहे. आजच केवायसी करा. खालची लिंक दाबा.’ जव्हारकडच्या एका पाड्यावरच्या ताई असाच मेसेज घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “दाबू का?” बरे झाले, दाबण्याआधी विचारले.

अशा मेसेजमध्ये अर्धे खरे असते, म्हणून माणूस फसतो. या योजनेचे वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत येतात. त्यासाठी केवायसी लागते, हेही खरेच. खोटी असते ती लिंक. केवायसी गावाजवळच्या सीएससी केंद्रात आधार दाखवून, अंगठा लावून होते. फोनवर करायची तर सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा संपतो.

लिंक दाबली की बहुधा एक ॲप उतरवायला सांगतात. ते ॲप तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराला दिसतो. “मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही,” असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याच्यावर ओरडू नका.

मेसेज कुठून आला तेही पाहा. सरकारी मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून येत नाही. तिथे इंग्रजी अक्षरांचे नाव असते आणि शेवटी आडव्या रेघेनंतर ‘जी’ हे अक्षर. पण नुसत्या नावावर विसंबू नका, काय मागितले आहे ते बघा. पैसे खात्यात यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

चुकून दाबलेच, तर फोनचे नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० ला कळवा आणि बँकेला खाते थांबवायला सांगा. यात उशीर होतो तो भीतीने. नवरा किंवा सासरे रागावतील म्हणून घरची बाई दोन दिवस गप्प राहते, आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. घरच्यांनी आधी फोन लावावा, बोलायचे ते मागाहून बोलावे.

त्या ताईंना घेऊन आमची कार्यकर्ती केंद्रात गेली. केवायसी गेल्या वर्षीच झालेली होती.