लहान चणीचा मल्ल आणि आजचे महाकाय योद्धे : क्रीडा-इतिहासातील एक प्रश्न



१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिम्पिकविषयी सांगून मी खडू खाली ठेवला, तोच आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, खाशाबा आज असते तर त्यांनी महाराष्ट्र केसरीला पाडले असते का?” वर्गात हशा पिकला. इतिहासाच्या अभ्यासकाला जर-तरच्या प्रश्नांचे वावडे असते, मलाही आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर शोधावेसे वाटले, कारण विचारणारा मुलगा वर्गात सर्वांत बारीक चणीचा होता.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात खेळले व सहावे आले. आयुष्य तांबड्या मातीत गेलेले. गादीची कुस्ती त्यांना नवखी होती. चार वर्षांनी, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या ७,००० रुपयांच्या आधारावर, ते हेलसिंकीला गेले आणि ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आज महाराष्ट्र केसरी किताबाच्या गटात ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल उतरतात. दुपटीने जड मल्लाच्या पकडीतून सुटायला चपळाई काही वेळ उपयोगी पडेल. मग वजन आपले काम करील. जत्रेच्या मैदानात पंच नजरेने जोड लावतात, तेव्हा तेही एवढे अंतर मान्य करीत नाहीत.

या प्रश्नाची खरी कसोटी मुष्टियुद्धात पाहावयास मिळते. तेथील ‘हेवीवेट’ गटाला वजनाची वरची मर्यादाच नाही. त्यामुळे लहान-मोठे एकाच रिंगणात येत राहिले. १८९७ साली बॉब फिट्झसिमन्सने जेम्स कॉर्बेटला पाडून जगज्जेतेपद घेतले, तेव्हा त्याचे वजन जेमतेम ७६ किलो होते. १९१९ साली सुमारे ८५ किलोच्या जॅक डेम्प्सीने १११ किलोच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा जमिनीवर लोळवले. येथे एक गोष्ट विसरू नये. पडलेला प्रतिस्पर्धी उठू लागताच त्याच्या डोक्याशी उभे राहून पुन्हा ठोसा मारण्यास तेव्हा मुभा होती. आज पंच डेम्प्सीला दूरच्या कोपऱ्यात पाठवतील. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला, एकही हरला नाही. तोही ८५ किलोच्या आसपासचाच.

आता २०२४ साल पाहा. सहा फूट नऊ इंच उंचीच्या टायसन फ्युरीचे वजन मे महिन्यात सुमारे ११९ किलो होते आणि डिसेंबरमध्ये त्याहूनही अधिक. दोन्ही वेळा त्याला हरवले ते ओलेक्सांद्र उसिकने, जो त्याच्यापेक्षा सहा इंच बुटका व बराच हलका आहे. पदलालित्य, डावखुरी ठेवण आणि अखेरपर्यंत टिकणारा दम यांवर त्याने वजनाची उणीव भरून काढली. पण ‘हलका’ उसिकसुद्धा शंभर किलोंहून अधिक भरतो, म्हणजे मार्सियानोपेक्षा पंधरा-सोळा किलो जास्त! १९८०च्या सुमारास हेवीवेटच्या खाली ‘क्रूझरवेट’ हा नवा गट निघाला. त्याची आजची मर्यादा सुमारे ९१ किलो आहे. डेम्प्सी आणि मार्सियानो आज या गटात मोडतील. शब्द तोच राहतो आणि त्यातला आशय बदलतो, हे इतिहासात वारंवार घडते. ‘हेवीवेट’ हे त्याचे सोपे उदाहरण.

माझे मत असे : मार्सियानोला १९५०च्या दशकातून जसाच्या तसा उचलून फ्युरीसमोर उभा केला, तर त्याचे आखूड हात फ्युरीच्या छातीपर्यंत पोहोचण्याआधीच तो थकेल. लांब हाताचा योद्धा दुरून ठोसे मारतो. जवळ आलाच, तर मिठी मारून आपले सारे वजन त्याच्या मानेवर टाकतो. मात्र मार्सियानो आज जन्मला असता, आजच्या आहारावर व सरावावर वाढला असता, तर? तेव्हा तो ८५ किलोंचाच राहिला असता, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. उंची काही अंशी वारशाने येते हे खरे. पण शरीर घडते ते खुराकावर. तालमीतला कोणताही वस्ताद हे सांगेल.

आणि जव्हार-मोखाड्यात हे आपल्याला वस्तादाने सांगण्याचीही गरज नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत शंभराहून अधिक आदिवासी बालके दगावली, तेव्हा ‘कुपोषण’ हा शब्द महाराष्ट्रभर ऐकू गेला. पावसाळ्यात नागली-वरीची कणगी रिकामी होते, पावसाळा सरल्यावर आईबाप वीटभट्टीवर स्थलांतर करतात, आणि अंगणवाडीच्या वजनकाट्यावर त्याचा हिशेब उमटतो. ‘ही जमातच लहान चणीची’ असे बाहेरून आलेले अनेकजण सहज बोलून जातात. वसतिगृहात दोन वेळचे पोटभर जेवण मिळालेली मुले चार वर्षांत कशी उफाळतात, ते त्यांनी येऊन पाहावे.

वजनगट म्हणजे दुबळ्यांना दिलेली सवलत, असेही काहींना वाटते. हेलसिंकीत त्या ५७ किलो गटातच खाशाबांना जपानच्या इशीईने आणि सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवने हरवले होते. बरोबरीच्या वजनात लढणे सोपे असते, असे त्या तिघांपैकी कोणीही म्हणाले नसते.

त्या मुलाला मी सांगितले, की महाराष्ट्र केसरी जिंकेल. तो क्षणभर हिरमुसला, मग म्हणाला, “आणि आजच्या सत्तावन्न किलोवाल्याशी?” तेव्हाची ऑलिम्पिक कुस्ती पंधरा मिनिटांची होती, आता तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. सहा मिनिटांत आजचा मल्ल गुण घेऊन मोकळा होईल. पंधरा मिनिटांची ठेवली, तर मी खाशाबांच्या बाजूने बसेन.