आपल्या गल्लीचं नाव कोणी ठेवलं?



परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना एक सोपा गृहपाठ दिला होता. आपल्या रस्त्याचं किंवा गल्लीचं नाव लिहायचं आणि ते कसं पडलं ते घरी विचारून यायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात भराभर हात वर झाले. एक मुलगी मात्र मान खाली घालून बसलेली. जवळ गेले तर हळूच म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीला नावच नाही."

तिच्या गल्लीकडे नंतर येऊ. आधी आपल्या पुण्याच्या नावांकडे बघा.

पेठांपासून सुरुवात केली की मुलं लगेच रमतात, कारण सोमवार ते रविवार सगळे वार इथे पेठा होऊन बसलेत. पण ही नावं पहिल्यापासूनची नाहीत बरं का! सोमवार पेठ पूर्वी शहापूर होती, रविवार पेठ मलकापूर, शनिवार पेठ मुर्तझाबाद. पेशवाईत वारांची नावं रुळली. काही पेठांना माणसांची नावं मिळाली. सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांची, रास्ता पेठ सरदार रास्त्यांची. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना 'रास्ता' म्हणजे रस्ताच वाटत होता!

मला स्वतःला मात्र वस्तू गेली तरी मागे उरलेली नावं जास्त आवडतात. लकडी पूल घ्या. पानिपतच्या लढाईनंतर, 1761 च्या सुमारास, तो लाकडाचा बांधला म्हणून लकडी. आज तिथे लाकडाची फळीसुद्धा नाही, कागदोपत्री तो संभाजी पूल आहे, पण रिक्षावाल्याला तुम्ही काय सांगता? लकडी पूलच ना? पलीकडचा नवा पूल 1923 चा. शंभरी ओलांडली तरी नवाच! पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ पासोड्या विकायला बसत. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड सुती पांघरूण. मुलांना हे सांगावं लागतं, आणि सांगता सांगता पूर्वीची माणसं थंडीत काय पांघरायची हाही धडा होऊन जातो.

मंडईची गोष्ट तर वर्गात जरूर सांगा. ही इमारत 1886 साली सुरू झाली, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव होतं रे मार्केट. महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता, त्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच इमारतीला नाव दिलं गेलं महात्मा फुले मंडई! एका मुलाने विचारलं, "मग त्यांना राग आला असता का?" मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच बोलू दिलं. तास संपला तरी वाद चालूच होता.

आता शाळा. हुजूरपागा ही मुलींची शाळा 1884 ची. हुजूर म्हणजे पेशवे आणि पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. जिथे घोडे बांधायचे तिथे मुली शिकू लागल्या, आणि नाव घोड्यांचंच राहिलं. त्याच्याही आधी, 1848 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेत मुलींची शाळा काढली. तात्यासाहेब भिड्यांनी त्यासाठी आपल्या वाड्यात जागा दिली. तो वाडा आता उभा नाही, तरी लोक त्या जागेला भिडेवाडाच म्हणतात. लोक मुलींना शिकवण्याच्या विरोधात असताना जागा देणाऱ्याचं नाव टिकलं, हे मला फार बरं वाटतं. आपल्या महापालिकेच्या शाळांना नाव असतं तसा क्रमांकही असतो. पालकांच्या तोंडी बहुतेक वेळा क्रमांकच असतो. तुमच्या शाळेला ज्यांचं नाव आहे ते कोण होते, हे मुलांना सांगता येतं का? एकदा विचारून बघा. माझ्या वर्गात चौघांनाच आलं.

तर ती मुलगी. मी तिला म्हटलं, "आजीला विचार, रिक्षावाल्याला घर कसं सांगतेस?" दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. "बाई, नळाची गल्ली!" आजी लग्न होऊन आली तेव्हा सगळ्या वस्तीला मिळून एकच नळ होता आणि तो त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होता. पहाटे चारला हंड्यांची रांग लागायची, भांडणं व्हायची. पुढे घरोघरी पाणी आलं, नळ काढून टाकला.

फळ्यावर मी सगळ्यांची नावं लिहिली होती. शेवटच्या ओळीत 'नळाची गल्ली' तिने स्वतः लिहिलं. मग खडू हातात तसाच धरून विचारलं, "बाई, हजेरीपटावर आमचा पत्ता असा लिहाल?"

हजेरीपटावर तिच्या नावापुढे घर क्रमांक आणि वस्तीचं नाव होतं. मी कंसात दोन शब्द वाढवले.